तीन मार्कांचा उपग्रह

आमच्या घरात मला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे मॅडम म्हणतात. क्लासची मुलं म्हणतात ते ठीकच आहे, पण मोठे दीर म्हणतात, जाऊबाई म्हणतात, आणि आता नवराही म्हणायला लागलाय. आधी फक्त मुलांसमोर म्हणायचा, मग जेवतानाही सुरू झालं. "मॅडम, जरा पाणी देता का?" मी विचारलं, फी भरली आहे का? तर हसला आणि उठून स्वतःच पाणी घेतलं. बायकोचं नाव आठवतंय का म्हणून विचारणार होते, पण नाही विचारलं. खरंच विसरला असला तर काय घ्या.

खाली क्लास, वर घर. क्लास मोठ्या दिरांचा. त्यांना सगळे सर म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. ते गणित घेतात, मी भौतिकशास्त्र घेते, माझा नवरा माइक, प्रोजेक्टर आणि झेरॉक्स मशीन सांभाळतो, आणि जाऊबाई आम्हा सगळ्यांना वेळेवर जेवू घालतात. क्लासची घंटा आमच्या स्वयंपाकघरातही वाजते, सरांनी तशी वायर ओढून घेतली आहे. हातात मीठ असो नाहीतर केसांत कंगवा, घंटा झाली की जिना उतरायचा. गती शिकवून वर यायचं, भांडी जागेवर लावायची, की प्रकाश शिकवायला पुन्हा खाली. दिवसभर पायांचे तुकडे पडेस्तोवर चालते आणि जिथून निघते तिथेच परत येते. म्हणजे अंतर भरपूर, विस्थापन शून्य. हे मी मुलांना उदाहरण म्हणून सांगितलं होतं. एकही हसलं नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.

त्यांचीही चूक नाही. सरांची पद्धतच तशी आहे. प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर, शब्दाला शब्द ठरलेलं, पेपर तपासणाऱ्याला शोधाशोध करायला लागू नये असं. आणि ते उत्तर मुलांच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून शिक्षकाने वाक्य शेवटापर्यंत न्यायचंच नाही. शेवटचा शब्द मुलांसाठी सोडायचा. मी म्हणते, "ध्वनीला प्रवास करण्यासाठी माध्यमाची..." आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "आवश्यकता असते." मी म्हणते, "प्रकाशाचा वेग निर्वातात सर्वांत..." वर्ग म्हणतो, "जास्त असतो." भिंती दणाणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल आत केवढं ज्ञान उकळतंय.

गंमत अशी की ही सवय जिना चढून वर आली. मी म्हणायचे, "आज गॅस संपत..." आणि नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "आला." आमची मुलगी लहान असताना फार चिडायची यावर. आता ती परगावी शिकायला आहे आणि भौतिकशास्त्राचं नाव काढलं की फोन ठेवते. भाषा घेतली तिने. बरं केलं.

मी काही पहिल्यापासून अशी नव्हते, हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई जन्मालाच टेप लावून आली. लग्नाआधी मी एका छोट्या शाळेत शिकवत होते. तिथे मी मुलांना मैदानात न्यायचे आणि पाण्याने भरलेली बादली डोक्यावरून गोल फिरवायचे. पाणी सांडत कसं नाही, म्हणून मुलं डोळे फाडून बघायची. मी सांगायचे, अरे, पाणी पडायला निघतंच, पण तोवर बादलीच खाली येऊन त्याला गाठते. मग प्रत्येकाला बादली फिरवायची असायची आणि निम्मा वर्ग भिजून घरी जायचा. आयांच्या तक्रारी यायच्या. मला मात्र त्या वर्षी सकाळी उठायचा कधी कंटाळा आला नाही. लग्न ठरताना सर मला भेटायला आले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "उपग्रह खाली का पडत नाही? तीन मार्कांत सांग." मी सांगितलं. ते माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "आम्हाला पसंत आहे." मी तेव्हा हसले होते.

मग वर्षं गेली. क्लास वाढला, वर्गात एसी लागले, फळ्याच्या जागी स्क्रीन आली. मीच तेवढी वाढले नाही. मुलगी गेल्यावर घर एकदम रिकामं झालं आणि मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. एक दिवस तरंग शिकवताना लक्षात आलं की माझं तोंड तरंगलांबीची व्याख्या सांगतंय आणि मी मनात उद्याच्या भाजीचा विचार करतेय, आणि व्याख्येत एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. मी नसते तरी हे चाललं असतं. त्या दिवसापासून छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं. जिना उतरताना वाटायचं, पळून जावं. कुठे, ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात एका शाळेची जाहिरात दिसली. दूरच्या गावात, राहायला जागा देणारी शाळा. भौतिकशास्त्राचा शिक्षक हवा होता आणि खाली लिहिलं होतं, 'करून शिकवणाऱ्यांना प्राधान्य.' मी अर्ज करून टाकला. उत्तर आलं की वर्गावर एक तास घेऊन दाखवा, विषय उपग्रह. माझा आनंद पोटात मावेना. उपग्रह म्हणजे माझ्या हातचा मळ.

नवऱ्याला सांगितलं. तो प्रोजेक्टरची काच पुसत होता. मला वाटलं, हा आता सरांना काय सांगू म्हणून रडगाणं लावेल. तर म्हणाला, "जा की. जमलं तर मीही येतो मागून. मला काय, वायरी सगळीकडे सारख्याच."

"आणि सर?" मी विचारलं.

"त्यांना सांगावं लागेल."

"ते सोडतील?"

"ते मला काय माहीत?" तो म्हणाला आणि पुन्हा काच पुसायला लागला. असा माणूस. भांडायला घेतलं तर हाताला काही लागत नाही.

सर सोडणार नाहीत याबद्दल मला मात्र तिळमात्र शंका नव्हती. भौतिकशास्त्राच्या सगळ्या बॅच माझ्या जिवावर चालतात. परीक्षा महिन्यावर आलेली. मी भाजी चिरता चिरता सरांशी मनातल्या मनात भांडत होते. म्हणत होते, सर, मी तुमच्या घरची सून आहे, वर्गातलं बाक नाही. ते मनात जे काही बोलायचे त्यावर मी असं काही उत्तर द्यायचे की त्यांची बोलतीच बंद व्हायची. जाऊबाईंनी एकदा विचारलं, "अगं, त्या भोपळ्याने तुझं काय घोडं मारलंय?" तेव्हा कुठे माझी सुरी थांबली.

तासाच्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि बस पकडली. बसमध्ये मी सगळं ठरवून घेतलं. उंच डोंगरावर एक तोफ आहे असं सांगायचं. हळू गोळा मारला तर जवळ पडतो, जोरात मारला तर लांब पडतो. आणि इतका जोरात मारला की तो पडत जातो तशी त्याच्याखालची जमीनही वळत जाते, तर? मग तो पडतच राहतो आणि जमीन कधी येतच नाही. उपग्रह म्हणजे दुसरं काही नाही, सतत पडणारी वस्तू. हे ऐकलं की मुलांचे चेहरे कसे होतात, ते मी पाहिलेलं आहे. मला हसू आवरेना. शेजारची बाई सरकून बसली.

शाळा छान होती. मोठ्या खिडक्या, मागे झाडं, वर्गात मुलं गोल करून बसलेली. मुख्याध्यापक बाई मागे एका स्टुलावर बसल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, बाहीला खडू लागलेला. मी उभी राहिले, मुलांना हसून नमस्कार केला आणि सुरुवात केली.

"पृथ्वीभोवती ठरावीक कक्षेत परिभ्रमण करणाऱ्या वस्तूला..."

आणि थांबले.

कोणी काही बोललं नाही. मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं आणि पुन्हा थांबले, वर नेहमीसारखा हातही पुढे केला. मुलांनी हाताकडे पाहिलं. एका मुलीने मागे वळून बाईंकडे पाहिलं. मग समोरच बसलेला एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही काहीतरी सांगत होता."

उपग्रह म्हणतात. एवढाच शब्द होता हो. पण तो माझ्या तोंडून निघेना. इतकी वर्षं तो मुलांनी म्हणायचा शब्द होता, माझा नव्हताच. घशापर्यंत यायचा आणि तिथे उभा राहून वाट बघायचा. दाताच्या डॉक्टरचं निमित्त करून आलेल्या बाईची दातखीळ बसली होती. शेवटी फळ्यावर लिहिला तेव्हा सुटका झाली.

मग ती वळून बघणारी मुलगी म्हणाली, "पण तो खाली का पडत नाही?"

हाच प्रश्न. याच्यासाठीच तर मी आले होते. डोक्यात तोफ तयार, डोंगर तयार, गोळा तयार. मी तोंड उघडलं आणि ऐकलं, "उपग्रहावर कार्य करणारे पृथ्वीचे गुरुत्वीय बल त्याला आवश्यक असलेले अभिकेंद्री बल पुरवते, म्हणून तो..." आणि पुन्हा थांबले.

"हो, ते पुस्तकात आहे," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. "पण का?"

मला तोफ दिसत होती. देवाशपथ, दिसत होती. पण डोकं आणि तोंड यांच्यामध्ये सरांचं वाक्य आडवं पडलं होतं आणि ते ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "तीन मार्कांसाठी एवढं पुरतं." मुलं हसली असती तरी चाललं असतं. त्या मुलीने मान हलवली आणि वही बंद केली. उरलेला तास मी फळ्यावर सूत्रं लिहून काढला. खडू सारखा मोडत होता.

तास संपल्यावर बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं, चहा मागवला. मला वाटलं, आता गोड बोलून वाटेला लावतील. त्या म्हणाल्या, "विषय तुम्हाला येतो. तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगायचंय."

मी मान खाली घातली. रडू येत होतं, ते पाणी चहात तरी पडू नये म्हणून कप बाजूला ठेवला.

"लगेच वर्ग देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रयोगशाळेत मदतीला या. मुलांबरोबर उपकरणं हाताळा, आमच्या शिक्षकांचे तास ऐका. लागलेली सवय जायला वेळ लागतो. पुढच्या वर्षी वर्ग घ्या. जागा आहे, खोली आहे. विचार करा आणि उद्या कळवा."

मी घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. इतकं झाल्यावर आता मागे फिरणे नाही असं बसमध्येच पक्कं केलं होतं. हाताखाली काम तर हाताखाली, पण इथून निघायचं. आता सरांनी नुसता एक शब्द काढावा.

सर बैठकीत बसले होते. जाऊबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या, नवरा कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. सर म्हणाले, "कसा झाला तास?"

यांना कळलं कसं? नवऱ्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "मी नाही सांगितलं."

"त्या बाईंचा फोन आला होता सकाळी," सर म्हणाले. "तुमच्याकडे काम करतात त्या मॅडम कशा आहेत, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे अशी शिक्षिका झाली नाही. खोटं कशाला बोलू?"

मी भोपळ्यासमोर तयार केलेली सगळी वाक्यं आठवून पाहिली. एकाचाही उपयोग नव्हता. तरी मी म्हटलं, "सर, मला जायचंय."

"मग जा की," ते म्हणाले. "तुला कोणी बांधून ठेवलंय का? हा पण येईल म्हणतोय. या दोघं. सणावाराला नाही तर निदान सुट्टीत तरी तोंड दाखवा."

"आणि बॅच? परीक्षा तोंडावर आहे."

"अगं, मागच्या वर्षी क्लासच्या दुसऱ्या शाखेसाठी तुझे सगळे तास रेकॉर्ड केले नाहीत का? तिकडे त्यावरच चाललंय. निकाल उत्तम आहे. आज दुपारी इथेही तेच लावलं. मुलांनी विचारलंसुद्धा नाही." ते हे मला टोचायला म्हणत नव्हते. मी निश्चिंत मनाने जावं म्हणून म्हणत होते. तेवढं मला कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं.

जाऊबाई घडी केलेली चादर मांडीवर ठेवून म्हणाल्या, "सुटलीस बाई. तुझा आवाज तरी मागे ठेवता येतो. माझं काय रेकॉर्ड करणार?" त्यांनी दुसरी चादर उचलली.

खालून माझा आवाज येत होता. शेवटची बॅच चालू होती. मी जिना उतरले आणि दारात उभी राहिले. स्क्रीनवर मी होते, निळ्या साडीत, आतापेक्षा जरा बारीक. म्हणत होते, "म्हणून तो वर्तुळाकार कक्षेत..." आणि वर्ग म्हणत होता, "फिरत राहतो."

मला काय झालं कोण जाणे. मी पुढे गेले आणि स्क्रीन थांबवली. मुलं उठून उभी राहिली. म्हटलं, बसा, आणि ऐका. उपग्रह पडत असतो. सतत पडत असतो. एक उंच डोंगर आहे असं समजा, त्याच्यावर एक तोफ आहे. आणि सगळं आलं. सकाळी जे अडकलं होतं ते सगळं इथे, या कोंदट खोलीत, भडाभडा बाहेर आलं. मी टेबलावरचा डस्टर घेऊन गोळा कसा वळतो ते दाखवलं, हातांनी पृथ्वी केली. माझा मलाच आवाज ओळखू येत नव्हता. वाटलं, जमलं. अजून जमतंय मला.

थांबले तर मुलांची तोंडं उतरलेली. दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. हुशार मुलगी, पहिल्या नंबराची. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही 'पडत नाही' असं पाठ केलंय. आता 'पडतो' लिहायचं का? परीक्षेत कुठलं धरतील?"

चाळीस डोळे असतील नाहीतर ऐंशी, सगळे माझ्यावर होते. कोणाला तोफ नको होती. त्यांना खात्री हवी होती, आणि ती देणारी मीच होते. मी सांगू शकले असते की दोन्हीचा अर्थ एकच आहे, जरा विचार करा. तेवढा वेळही होता. मी म्हणाले, "स्क्रीनवरचं लिहा." आणि बटण दाबलं. मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगते, मीही टाकला.

वर आले तर नवऱ्याने माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली होती. जाऊबाईंनी माझ्या साड्यांची चळत शेजारी आणून ठेवली होती. सर फोनवर कोणाला तरी त्या गावच्या गाड्यांच्या वेळा विचारत होते. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि बाईंना फोन लावला.

"उद्यापर्यंत थांबायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता. "येताय ना?"

"नाही हो," मी म्हणाले. "माझी फार इच्छा आहे. पण घरचे सोडत नाहीत."